यंत्रातलं अठ्ठ्याण्णव साल

शीतगृहाची घरघर वर्षातून एकदाच थांबायची, खंडेनवमीला.

सकाळी दहाच्या ठोक्याला यंत्रघरातल्या धोंडिरामनं दोन्ही कॉम्प्रेसर बंद केले आणि चारुशीलेच्या हातातला दोरा झेंडूच्या देठाशी थबकला. या घरात येऊन तिला एकोणतीस वर्षं झाली. कवठे महांकाळच्या रस्त्याला शेट्यांचं शीतगृह आणि त्याच आवारात शेट्यांचं घर, त्यामुळे तो आवाज श्वासासारखा अंगवळणी पडला होता. चालू असताना कधी ऐकू यायचा नाही, थांबला की मात्र कानात दडे बसायचे. कावळा ओरडला तरी दचकायला होई.

आज तर सकाळपासूनच तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. पहाटे घटाला नववी माळ बांधताना गाठ दोनदा सुटली. जपात मण्यांची मोजदाद चुकली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा चुकली. नवरात्रातले तिचे नेम घरात सगळ्यांना पाठ होते. एकभुक्त राहायचं, जमिनीवर निजायचं, पायात चप्पल घालायची नाही आणि नऊ दिवस तोंडातून खोटा शब्द काढायचा नाही. पहिले तीन नेम निभावणं सोपं होतं. चौथ्याशी मात्र तिनं सत्तावीस वर्षं एक तडजोड करून ठेवली होती, की गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

सोप्यात अवधूत हातात कागद घेऊन येरझाऱ्या घालत होता. चारुशीलेचे थोरले दीर नानासो, त्यांचा हा मोठा मुलगा. दोन वर्षांपासून ऑफिसची खुर्ची त्याच्याकडे आली होती आणि तेव्हापासून त्याला बसून बोलणं जमत नव्हतं.

"बावीस प्रश्न आहेत, काकू. एकवीस भरले. हा एक राहिलाय." त्यानं कागद नाचवला. "'येत्या पंधरा वर्षांतल्या तारखांसाठी आपली संगणक यंत्रणा तपासली आहे का? हो की नाही?' उद्या बेदाणा बाहेर देशात पाठवणाऱ्या कंपनीचा माणूस सोनं लुटायला येणार आणि हा कागद घेऊन जाणार. आठही चेंबर तीन हंगामांसाठी बुक होतील. सातवं नि आठवं आपण बांधलं ते ह्याच आशेवर."

"मग भर की," झोपाळ्यावरून नानासो म्हणाले. सत्तरी ओलांडली तरी घरात शेवटचा शब्द त्यांचाच. "हो लिही नि टाक सही. माझ्या भावानं दोन हजार सालीच करून ठेवलंय ते. ऑफिसात फोटो आहे, शाल पांघरलेला. सांगली जिल्ह्यात त्या वेळी किती जणांची झोप उडालेली, ठाऊक आहे?"

"नानाकाका, तो प्रश्न वेगळा होता, हा वेगळा आहे," वल्लरी आतून चहाचे कप घेऊन आली. चारुशीलेची एकुलती एक लेक. साताऱ्याला औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत होती, नवरात्राच्या शेवटच्या दोन दिवसांसाठी काल आली. "दोन हजार अडतीसच्या जानेवारीत जुन्या यंत्रांची सेकंद मोजायची जागा संपते. मग ती एकदम एकोणीसशे एकला जाऊन पडतात. बाहेर देशातले गिऱ्हाईक आत्तापासून विचारायला लागलेत. आमची कंपनी तेच करते, गावोगाव जाऊन धंदेवाल्यांना विचारते, तयारी आहे का म्हणून."

"काय म्हणतात मग धंदेवाले?"

"मलकापूरचा एक बेकरीवाला म्हणाला, ताई, माझा पाव दोन दिवसांत विटतो, अडतीस सालाचं मला काय सांगताय? इस्लामपूरला एकजण म्हणाले, आमच्याकडे कॉम्प्युटरला रोज उदबत्ती लावतात, काही होत नाही. आणि निम्मे म्हणतात, आमचा कॉम्प्युटरवाला आहे ना, त्याला विचारा. कॉम्प्युटरवाल्याला विचारलं की तो म्हणतो, मालक सांगतील तसं."

नानासो खदाखदा हसले. "आपला कॉम्प्युटरवाला घरातलाच आहे. काय रे हरी?"

चारुशीलेचा नवरा हरी खांबाला टेकून उभा होता. तो हसला, पण ते हसणं कपातल्या चहाच्या पलीकडे गेलं नाही. दर वर्षी पावसाळा सरला की त्याला झोप लागेनाशी व्हायची. लोक म्हणायचे, पित्त आहे. चारुशीला धनेजिऱ्याचा काढा करून द्यायची, आणि पित्त नाही हे त्या दोघांनाच ठाऊक असायचं.

"मी म्हणते, लिहायच्या आधी एकदा टेस्ट घेऊ," वल्लरी म्हणाली. "आज मशीन बंदच आहे. घड्याळ पुढं करायचं, बघायचं, परत मागं आणायचं. दहा मिनिटांचं काम."

"मी दोन वर्षं हेच म्हणतोय!" अवधूत लगेच तिच्या बाजूला सरकला. "काका हात लावू देत नाहीत. म्हणतात, चालतंय त्याला हात लावू नये."

"बरोबरच म्हणतो तो," नानासो म्हणाले. "आणि आज तर मुळीच नाही. पूजेचं ताट तयार करा. साडेबाराच्या आत यंत्र चालू झालं पाहिजे, आत बेदाणा आहे, भाताची पोती नाहीत."

---

हरीनं तिला कोठीच्या खोलीत गाठलं. ती पूजेचा कोहळा शोधत होती.

"आज काही बोलू नकोस."

"मी कधी बोलले?"

"वल्लरीची नजर बघितलीस? पोरगी माग काढणार." डब्यांची झाकणं तो उगाच काढून पुन्हा लावत होता. "एवढा दसरा होऊ दे. कागद जाऊ दे. मग मीच नानांना एका बाजूला घेऊन सांगतो."

"हे तुम्ही दर दसऱ्याला म्हणता."

"मग काय आज सांगू? पूजेत? अवधूत टपूनच बसलाय. त्याला हवंच आहे की काका ऑफिसातून उठावा."

चारुशीलेची नजर वर गेली. फडताळाच्या वरच्या कप्प्यात सुतळीनं बांधलेला कॅलेंडरांचा गठ्ठा असायचा. तिचे वडील साताऱ्याला शाळामास्तर. संपलेल्या वर्षाचं कॅलेंडर त्यांनी कधी रद्दीत घातलं नाही. प्रत्येक चौकोनात काही ना काही टिपलेलं असे, कुणाचं बारसं, कुठल्या दिवशी आंबा मोहरला. ते गेल्यावर तो गठ्ठा तिनं सांगलीला आणला. एके काळी तो उशीएवढा जाड होता. आता सुतळीत एकच कॅलेंडर उरलं होतं.

तिला मार्गशीर्षातला तो गुरुवार आठवला. वल्लरी मांडीवर, आठ महिन्यांची. दोन हजार साल दाराशी आलेलं. पुण्याहून शिकून आलेल्या हरीनं स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम शीतगृह चालवायचा. कुठल्या चेंबरला कधी गारवा द्यायचा, कॉइलवर साचलेला बर्फ कधी वितळवायचा, कुठला लॉट आधी बाहेर काढायचा, सगळं तोच ठरवायचा. पण त्यात साल दोनच आकड्यांचं. हरीनं एकदा गुपचूप घड्याळ पुढं नेऊन बघितलं होतं. नव्याण्णवच्या पुढं शून्य आलं आणि यंत्र गोंधळलं. शेवटचा बर्फ वितळवला नव्याण्णव साली, आणि आज तर शून्य साल, म्हणजे अजून पुष्कळ अवकाश आहे, असा हिशेब करून ते स्वस्थ बसलं. सगळा प्रोग्रॅम उकलून लिहायला चार महिने लागले असते. हातात होते सोळा दिवस.

त्या दिवशी चारुशीला नव्या कॅलेंडरवर संकष्ट्यांच्या खुणा करत होती. तिच्या जन्मसालाचं, बहात्तरचं कॅलेंडर सहज शेजारी पडलेलं. बघता बघता ती म्हणाली होती, "अहो, गंमत बघा. तिथी निराळ्या आहेत, पण वार नि तारखा सगळ्या त्याच आहेत. लीप वर्षासकट."

हरी ती दोन कॅलेंडरं मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसला होता. अठ्ठावीस वर्षांनी वार पुन्हा जुळून येतात. सोमवारी गाड्या भरणं बंद, बुधवारी नि शनिवारी सौदे, यंत्राचं सगळं वेळापत्रक वारांवर बांधलेलं. एक जानेवारीला त्यानं यंत्रात दोन हजारऐवजी बहात्तर साल घातलं, आणि यंत्र मुकाट्यानं चालू लागलं. पावतीपुस्तकांवर साल छापूनच घ्यायला सुरुवात केली, म्हणजे यंत्रानं फक्त दिवस नि महिना छापावा. घरात सांगितलं, प्रोग्रॅम दुरुस्त झाला. वर्षभरात खरोखरचा दुरुस्त करू, असं म्हणाला होता. मग तात्या, त्याचे वडील, अंथरुणाला खिळले. मग व्यापाऱ्यांच्या संघटनेनं सत्कार केला. शाल अंगावर पडल्यावर खरं बोलणं आणखी अवघड झालं.

आता यंत्रात अठ्ठ्याण्णव साल चालू होतं. बाहेरच्या जगाला अडतीस सालापर्यंत मुदत होती. शेट्यांच्या यंत्रात दोन हजार साल उगवायला सव्वा वर्षच उरलं होतं.

"चारू," हरी म्हणाला, "कोहळा तुझ्या पायापाशी आहे."

---

यंत्रघरात धोंडिरामनं फरशी धुऊन पुसून घेतली होती. पस्तीस वर्षं त्यानं या कॉम्प्रेसरांपाशी काढली होती, कुठला बोल्ट कधी कुरकुरणार हे त्याला आधी कळायचं. दोन्ही यंत्रांना त्यानं तेलाचा हात फिरवून चकचकीत केलं होतं. पाने, हातोड्या, गेज, सगळं पाटावर ओळीनं मांडलेलं. कोपऱ्यात टेबलावर तो जुना कॉम्प्युटर, त्याच्यावर स्वच्छ पंचा. दोन वेळा त्याची पेटी बदलली होती, पण आतला प्रोग्रॅम तोच.

अनवाणी पायाला फरशी गार लागली. चारुशीलेनं यंत्रांना हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळा घातल्या. मोठ्या जाऊबाई गेल्यापासून घरातलं देवाधर्माचं तिच्याच हाती आलं होतं. शेवटी तिनं भिंतीवरच्या लक्ष्मीच्या चित्रालाही एक माळ घातली, दर वर्षीसारखी. आरती झाली. नानासोंनी नारळ वाढवला, पाणी यंत्रांवर शिंपडलं.

"थर्मामीटर काय म्हणतोय रं, धोंडिराम?"

"आर्धा अंश चढलाय, मालक. तासभर काय काळजी न्हाई."

"मग तासाभरात होईल," वल्लरी पुढं आली. "नानाकाका, ऐकाच माझं. 'हो' लिहायचं तर तपासून लिहू. तपासणीची तारीखसुद्धा विचारलीय त्यात."

"आजची टाक."

"न तपासता?"

"अगं, आज हत्यार निजलेलं असतं. खंडेनवमीला त्याला हात लावायचा नाही, आमच्या आज्यापासूनची रीत आहे. तुमच्या साताऱ्यात पाळत नसतील."

"सातारा मध्ये कशाला आणता?" वल्लरी उसळली. "आजची रीत मोडायची नाही, उद्या दसरा, परवा माल भरायला गाड्या येणार. मग टेस्ट कधी? वर्षात हा एकच दिवस मशीन बंद असतं आणि त्याच दिवशी हात लावायचा नाही!"

"नाना, ती बरोबर बोलतेय," अवधूत म्हणाला. "आणि काका का घाबरतायत, तेही एकदा कळू दे."

"अवधूत!" नानासोंचा आवाज चढला. "काकाशी बोलतोयस. तू चड्डीत होतास तेव्हा त्यानं हे शीतगृह वाचवलंय." मग स्वतःला आवरत ते वळले. "हे बघा, वाद नको. देवाधर्माचं चारुशीलेला विचारू. त्यांच्याइतका नेम ह्या घरात कुणी पाळत नाही. सांगा हो, आज यंत्राला हात लावलेला चालतो का?"

सगळे तिच्याकडे वळले.

हरीनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत सुटकेची एक तिरीप चमकून गेली, ती फक्त तिनं पाहिली. एक शब्द पुरे होता. 'चालत नाही' म्हटलं की वल्लरी गप्प बसली असती, अवधूतनं सही घेतली असती आणि उद्या कंपनीच्या माणसानं आपट्याची पानं नि कागद दोन्ही घेऊन वाट धरली असती. तिच्या शब्दाला कुणी आडवं आलं नसतं. इतकी वर्षं केलेल्या उपासतापासांनी तिच्या बोलण्याला ते वजन आलं होतं.

आणि तेच वजन आता तिच्या छातीवर बसलं. गप्प राहून सत्तावीस नवरात्रं निभावली. आज गप्प राहून भागणार नव्हतं. आज देवीचं नाव पुढं करून बोलावं लागणार होतं.

कॉम्प्रेसर बंद असल्यानं यंत्रघरात समईच्या वातीची तडतडसुद्धा ऐकू येत होती.

"निजलेल्याला उठवू नये हे खरं, नाना," ती हळू म्हणाली. "पण निजलेल्याची नाडी बघायला कुणी मनाई केलेली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे चालतं. आणि बघायलाच हवं. कारण ते कधी दुरुस्त झालेलंच नाही."

हरीनं स्टूल ओढलं आणि बसला.

तिनं सगळं सांगितलं. आवाज वाढवला नाही, रडली नाही, हरीवरही ढकललं नाही. बहात्तरचं कॅलेंडर, जुळलेले वार, मागं नेलेलं घड्याळ, छापील सालाची पावतीपुस्तकं. "त्यांना ती वाट मी दाखवली. तेव्हा वाटलं, देवानंच सुचवलं. तेवढी वेळ निभावून जावी म्हणून सुचवलं होतं. आम्ही त्यातच घर करून राहिलो."

"आई, तू?" वल्लरीच्या तोंडून एवढंच बाहेर पडलं.

नानासो भिंतीला हात टेकून उभे होते. "म्हणजे आत्ता ह्या डब्यात..."

"अठ्ठ्याण्णव साल चाललंय की, मालक," धोंडिराम म्हणाला.

"तुला ठाऊक आहे?"

"आवं, पेटीतला सेल उतरून तारीख पुसली की मीच घालतोय की! हरीमालकांनी शिकीवलंय. मला वाटलं, समद्यांस्नी ठावं आसंल. चुकाय नको म्हून वैनी दर वर्साला त्या सालाचं क्यालेंडर देत्यात, त्ये भितीवर लावतो." त्यानं बोट दाखवलं. "त्येलाच तर तुमी आत्ता ववाळलंसा."

सगळ्यांनी पाहिलं. झेंडूच्या माळेआड लक्ष्मी प्रसन्न हसत होती, आणि तिच्या पायांखाली ठळक आकड्यांत १९९८. इतकी वर्षं देवीकडे बघून सगळ्यांनी हात जोडले होते. खालचं साल वाचायचं कुणाला सुचलं नव्हतं.

अवधूतला हसू आलं, पण ते हसू कडवट होतं. "वा! शाल-श्रीफळ घेतलं ते ह्याचं! काका, उद्यापासून तुम्ही ऑफिसात..."

"तू थांब!" नानासो कडाडले. "दोन वर्षं त्या खुर्चीत बसतोयस ना? रोज शंभर पावत्या तुझ्या हाताखालून जातात. मशीन दिवस छापतंय, महिना छापतंय, मग साल तेवढं छापखान्यातून का येतंय, हे कधी विचारलंस?"

अवधूत हातातल्या कागदाकडे बघू लागला.

"मीही नाही विचारलं," नानासो खालच्या आवाजात म्हणाले. मग हरीकडे वळले. "शाल मी घातली होती तुझ्या अंगावर. माझ्या हातानं. तात्यांना खाटेवर जाऊन सांगितलं, हरीनं नाव काढलं. सत्तावीस वर्षं मी ज्याला त्याला तो फोटो दाखवतोय. मला सांगायला तुला एक दिवस सापडला नाही?"

"रोज सापडत होता, नाना," हरी म्हणाला. "म्हणूनच राहून गेलं."

वल्लरी वडिलांच्या स्टुलाशेजारी जाऊन उभी राहिली. मघापर्यंत अवधूतच्या बाजूनं भांडणाऱ्या तिनं आता बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, उठा. तुम्ही टाइप करा. मी बघते."

"मी?"

"तुमचाच प्रोग्रॅम आहे ना?"

हरीनं पंचा बाजूला केला. चारुशीलेला वाटलं, बोटं अडखळतील. पण कळफलकावर ती सराईतपणे चालू लागली. त्यानं आधी सगळ्याची एक प्रत काढून वल्लरीच्या हाती दिली. मग तारीख घातली, एकतीस डिसेंबर, नव्याण्णव. वेळ, रात्रीचे अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटं.

ती दोन मिनिटं सरता सरेनात. नानासो यंत्राभोवती फेऱ्या मारू लागले. अवधूत पेनचं टोपण काढत लावत राहिला. चारुशीलेचे ओठ हलत होते. काय मागावं ते तिला ठरवता येत नव्हतं. हे चालावं, की मोडावं?

पडद्यावर आकडे पालटले. एक जानेवारी, शून्य शून्य.

काहीच झालं नाही. आठ चेंबरांच्या आठ ओळी जिथल्या तिथं.

"चालतंय की!" अवधूत ओरडला. "उगाच..."

पहिल्या ओळीपुढचा हिरवा ठिपका विझला. मग दुसरा. मग तिसरा. एकामागून एक आठही विझले, आणि प्रत्येक चेंबरापुढं एकच शब्द उमटला, 'वेट'.

"काय म्हनतंय?" धोंडिरामनं विचारलं.

"वाट बघतो म्हणतंय," हरी म्हणाला. "आज बर्फ वितळवायची गरज नाही, गारव्याची गरज नाही. नव्याण्णव सालाची वाट बघायची."

"म्हंजी शंभर वर्सं? तवर बेदाण्याचं लोणचं हुईल, मालक!"

नानासोच पहिले हसले. मोठ्यानं नाही. नाकातून एक फुंकर निघाली एवढंच. पण ती ऐकून हरीचे खांदे खाली आले. कितीतरी वर्षांत ते असे खाली आलेले चारुशीलेनं पाहिले नव्हते.

"कागद दे," नानासो म्हणाले.

अवधूतनं कागद मागं घेतला. "नाना, ऐका. हे आपल्या सहा जणांत आहे. 'हो' लिहू. वर्षभरात दुरुस्त करू. कोण बघायला येतंय?"

"हेच त्यानं केलं होतं. ह्याच जागेवर."

"'नाही' लिहिलं तर कंपनी जाईल. बाकीच्यांचा माल धरला तरी चार चेंबरं रिकामी पडतील."

"पडतील. रिकामं चेंबर दिसतं तरी. हे दिसत नव्हतं." नानासोंनी हात पुढं केला तो केलाच. शेवटी अवधूतनं कागद आणि पेन दोन्ही दिलं.

नानासोंनी हातोड्यांच्या पाटावर कागद ठेवून 'नाही'वर खूण केली. बराच जोर देऊन केली, कागदाला पलीकडे वळ उठला.

"खाली आणखी एक रकाना आहे, नानाकाका," वल्लरी वाकून म्हणाली. "'नाही असल्यास, तयारी कधी पूर्ण होईल?'"

"कधी होईल?"

वल्लरीनं हरीकडे पाहिलं. हरीनं पडद्यावरच्या त्या आठ शब्दांकडे पाहिलं. "चार महिने लागतील असं तेव्हा वाटलं होतं. आता माझं वय झालंय. आठ धरा. पण वल्लरी सोबतीला असेल तर."

"शनिवार-रविवार येईन मी साताऱ्याहून," वल्लरी म्हणाली. "आणि अवधूतदादा, पावत्यांचं तुला बघावं लागेल. त्यातलं बाबांना काही कळत नाही."

अवधूत पुटपुटला, "मला तरी कुठं कळलं होतं," पण त्यानं नाही म्हटलं नाही.

नानासोंनी रकान्यात लिहिलं, 'पुढची खंडेनवमी'. आणि त्याखाली, फॉर्ममध्ये कुणी विचारलेलं नसताना, आणखी एक ओळ लिहिली, 'त्या दिवशी पुन्हा तपासू, आपण समक्ष यावे'. मग सही केली.

कागद घडी करून खिशात टाकताना ते चारुशीलेपाशी थांबले. "तुम्ही 'चालत नाही' म्हणाला असता तर मी ऐकलं असतं."

"म्हणूनच म्हणता आलं नाही."

त्यांनी मान हलवली. रागावलेले होते, राग इतक्यात जाणारही नव्हता. दिवाळीपर्यंत ते हरीशी धड बोलणार नाहीत, हे तिला दिसत होतं. ऑफिसातला फोटो उद्याच उतरेल, हेही. पण गाभुळलेल्या चिंचेसारखं काहीतरी जे इतकी वर्षं तिच्या घशाशी अडकून होतं, ते गिळलं गेलं होतं. आंबट लागलं, पण गेलं.

"मालक, एक अंश चढला," धोंडिरामनं काच पुसून थर्मामीटर वाचला. "आता चालू करायलाच पायजे. मशिनीला तारीख मागारी घालाय लागंल." तो टेबलापाशी गेला, दिवस नि महिना घातला, आणि त्याचं बोट हवेत थांबलं. त्यानं वळून सगळ्यांकडे पाहिलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच हा प्रश्न त्याला पडला होता.

"साल कंचं घालू?"

हरी बोलायला गेला आणि थांबला. त्याचा तो अधिकार मघाशीच संपला होता. चारुशीलेनं भिंतीकडे पाहिलं, माळेआडच्या लक्ष्मीकडे, तिच्या पायांखालच्या चार आकड्यांकडे. ते तिच्या लग्नानंतरचं पहिलं पुरतं वर्ष. फडताळात त्याच्या पुढचं एकच उरलं होतं.

"अठ्ठ्याण्णवच घाल," नानासो म्हणाले. "दुसरं घातलंस तर सगळा माल जाईल. पण मोठ्यानं म्हणून घाल. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

धोंडिरामनं घसा खाकरला.

"नऊ," तो आरतीच्या वेळी ओरडावं तसा ओरडला, आणि कळ दाबली. "आठ!"

आठही ठिपके हिरवे झाले. त्यानं दांडा ओढला. पहिला कॉम्प्रेसर दोनदा ठसकला आणि लागला, मग दुसरा. माळांमधल्या पाकळ्या थरथरल्या, फरशीतून ती घरघर चारुशीलेच्या अनवाणी तळव्यांत चढली, आणि तिला जाणवलं की आज ती तिला ऐकू येत होती.